एका बिनकामाच्या माशासाठी

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला आजिगोल नावाचं तळं आहे. तुर्की भाषेत 'आजि' म्हणजे कडू आणि 'गोल' म्हणजे तळं, थोडक्यात कडू तळं. पाणी उथळ आणि खारं. उन्हाळ्यात ते मागे सरकतं आणि काठावर मिठाचा पांढरा थर उरतो. तळ्यात मासा जगत नाही. पण दक्षिणेच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत एक भेग आहे. भूगर्भातलं पाणी तिच्यातून वर येतं, छोटे छोटे झरे होतात, आणि ते पाणी शेवाळातून, लव्हाळ्यातून वाट काढत खाऱ्या तळ्यात जाऊन मिळतं. ते पूर्ण गोडं नाही, पण तळ्याइतकं जहालही नाही. ज्यांनी लोणार पाहिलंय त्यांना हे चित्र चटकन डोळ्यांसमोर आणता येईल. विवरात खारं पाणी आणि कडेला गोमुखाची धार.

या मधल्या पट्ट्यात, म्हणजे झऱ्याच्या तोंडापासून तळ्याच्या खारटपणापर्यंतच्या काही पावलांत, एक मासा राहतो. करंगळीपेक्षा लहान. नराच्या अंगावर गडद उभे पट्टे, मादी ठिपक्यांची. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅनाटोलिक्थिस ट्रान्सग्रेडिएन्स. जगात तो फक्त इथल्या मोजक्या झऱ्यांत सापडतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' या खान्यात आहे. त्या खान्याच्या पुढे 'फक्त बंदिवासात' आणि 'नामशेष' एवढेच दोन खाने उरतात.

मी हा मासा पाहिलेला नाही. तुम्हीही पाहिला नसणार, आणि पुढे पाहण्याची शक्यताही जवळजवळ नाही. तो खाण्याच्या उपयोगाचा नाही. त्याच्या नावाने सण नाही, आरती नाही, कार्टून नाही. त्याच तळ्यावर फ्लेमिंगो येतात, त्यांचे फोटो भरपूर मिळतात. (नवी मुंबईच्या खाडीवर फ्लेमिंगोसाठी पहाटे उठून जाणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींवर हा टोमणा नाही. असला तर थोडासाच.) या माशाचा फोटो मात्र शोधून काढावा लागतो, आणि सापडला तरी तो दुसऱ्या कुणाला पाठवावा असं काही त्यात नसतं.

म्हणूनच मला तो या प्रश्नासाठी बरा वाटतो. वाघाबद्दल बोलायला लागलं की आपण वाघाच्या देखणेपणाबद्दल बोलत राहतो. हत्तीच्या बाबतीत त्याची बुद्धी आणि त्याचा शोक मध्ये येतो. इथे मध्ये काहीच येत नाही. एक क्षुल्लक मासा कायमचा संपला, तर त्यात वाईट नेमकं काय?

याचं एक तयार उत्तर आपण शाळेत पाठ केलेलं असतं. निसर्ग ही साखळी आहे, एक कडी तुटली की सगळी साखळी तुटते, आज मासा उद्या माणूस. हे उत्तर मला प्रामाणिक वाटत नाही. काही प्राण्यांच्या बाबतीत ते खरं आहे. गिधाडं संपली तेव्हा आपल्याकडे काय झालं ते आपण पाहिलंय. पण या माशाच्या बाबतीत ते खरं असण्याची शक्यता फार कमी. तो संपला तर तिथले डास, शेवाळं, बगळे आपलं चालू ठेवतील. डेनिझलीच्या बाजारात टोमॅटोचा भाव बदलणार नाही.

असं घडून गेलेलंही आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात टेकोपा नावाच्या गावी गरम पाण्याचे खारट झरे आहेत. त्यांच्या वाहत्या पाण्यात असाच एक चिमुकला मासा होता, टेकोपा पपफिश. स्नानगृहं वाढवण्यासाठी लोकांनी झऱ्यांचे प्रवाह वळवून एकत्र केले. पाणी जास्त गरम आणि जास्त वेगाने वाहू लागलं, बाहेरचे मासेही आले, आणि तो मासा दिसेनासा झाला. १९८२ साली अमेरिकन सरकारने त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून काढलं. कारण 'सुधारणा' नव्हतं, 'नामशेष' होतं. त्यानंतर काय झालं? काहीही नाही. लोक आजही टेकोपाला गरम पाण्यात डुंबायला जातात आणि ताजेतवाने होऊन परततात.

म्हणून जो कुणी मला 'तो संपला तर आपणही संपू' असं सांगून घाबरवतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. आपण संपणार नाही. अडचण हीच आहे. धमकीशिवाय, स्वार्थाशिवाय एखादी गोष्ट वाचवायची तर कारण कुठून आणायचं?

'पण त्याचा उपयोग काय?' हा प्रश्न मी या माशाबद्दल बोलले की दर वेळी येतो. प्रश्न वाईट नाही, पण तो आपण कुणाला विचारतो ते पाहण्यासारखं आहे. आजिगोलच्या खाऱ्या पाण्यातून सोडियम सल्फेट काढतात. तुर्कस्तानात या क्षाराचं ते एक मोठं ठिकाण आहे. हा क्षार काचेच्या कारखान्यात जातो, कापड रंगवायला जातो आणि कपडे धुण्याच्या पावडरीत जातो. पावडरीत तो काय करतो? मळ काढण्याचं काम प्रामुख्याने दुसरी रसायनं करतात. सोडियम सल्फेट असतो भर म्हणून. पावडर मोकळी राहावी, गुठळ्या होऊ नयेत, आणि डबा भरल्यासारखा दिसावा. आपल्या घरातल्या बादलीत रोज पडणाऱ्या त्या पांढऱ्या भुकटीला 'तुझा उपयोग काय' असं आपण कधी विचारलेलं नाही. विकली जाणारी वस्तू या प्रश्नातून आपोआप सुटते. खुलासा मागितला जातो तो न विकल्या जाणाऱ्याकडे. बेकार मुलाला, म्हाताऱ्या बैलाला, घरी बसलेल्या आत्याला. माशाला.

इथे एक स्पष्ट करायला हवं. माशाचा जीव या कारखानदारीने घेतला असं मी म्हणत नाहीये. तिथे दोन गोष्टी जास्त नडतात. एक म्हणजे पाणी. आजूबाजूच्या शेतीसाठी भूजल उपसलं जातं, पाऊसमान बेभरवशाचं होतंय, गेल्या काही दशकांत तळंही आक्रसलं आहे. झरा आटला की मासा संपला, कारण त्याला शेजारच्या नदीत निघून जाता येत नाही. दुसरी गोष्ट आहे आणखी एक मासा. त्याची गोष्ट थेट आपल्या विहिरीपर्यंत येते.

त्याचं नाव गॅम्ब्युसिया. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाशी लढणाऱ्यांना तो देवदूत वाटला. १९२१ मध्ये तो स्पेनमध्ये आणला गेला, तिथून इटलीत, आणि मग भूमध्य समुद्राभोवती जिथे जिथे दलदल आणि ताप होता तिथे तिथे. १९२८ मध्ये इटलीतून तो भारतातही आला. आपल्याकडे गॅम्ब्युसिया आणि गप्पी हे दोन वेगळे मासे, पण लोक दोघांनाही सरसकट गप्पीच म्हणतात. महापालिकेचा माणूस टाकीत सोडतो ते, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या हौदात वाढवतात ते.

आजिगोलच्या झऱ्यांतही गॅम्ब्युसिया पोचला. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो, आणि भराभर देतो. स्थानिक मासा पाणवनस्पतींवर अंडी चिकटवतो. गॅम्ब्युसिया दुसऱ्यांची पिल्लं खातो, मोठ्यांचे पर कुरतडतो. जिथे पळून जायला दोन पावलांपलीकडे खारं तळं आहे, तिथे अशा शेजाऱ्याबरोबर राहणं काय असेल याची कल्पना चाळीत राहिलेल्यांना करता येईल.

माझी मावशी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेविका होती. निवृत्त होईपर्यंत तिने किती विहिरींत आणि डबक्यांत गप्पी मासे सोडले याचा हिशेब नाही. मी तिला फोनवर या तुर्की माशाची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "अगं, मेंदूचा मलेरिया झालेलं लेकरू मांडीवर घेऊन ट्रॅक्टरमधून कधी गेली आहेस का तू?"

मी नाही म्हटलं.

"मी गेले आहे. दोनदा. एक वाचलं. तुला माशाची जमात दिसते, मला ते दुसरं लेकरू दिसतं. त्या तुर्कस्तानातल्या बाईलाही तेच दिसलं असेल."

कुठली बाई, असं मी विचारलं नाही. मावशीने डोळ्यांपुढे आणलेली ती बाई खरी असणारच. बादलीतून गॅम्ब्युसिया नेऊन झऱ्यात ओतणारा जो कोणी होता, त्याने वाईट काही मनात धरलेलं नव्हतं. अनातोलियात मलेरियाने माणसं मरत होती. हातात जे होतं ते त्याने वापरलं. या गोष्टीत खलनायक शोधू नका, सापडणार नाही. आणि मला हेच जास्त अवघड वाटतं. लोभाने केलेल्या नुकसानाला निदान शिव्या देता येतात. दयेने केलेल्या नुकसानाचं काय करायचं?

मावशीला मी जे उत्तर दिलं ते असं. लेकरू आणि मासा यांच्यात निवड करायची असेल तर मी लेकरू निवडेन, आणि तसं म्हणताना अडखळणार नाही. पण आज आजिगोलला ती निवड समोर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागात तुर्कस्तानही येतो, आणि तिथे स्थानिक मलेरियाचा एकही रुग्ण उरला नसल्याचं संघटनेने २०१६ मध्ये जाहीर केलं. त्यात औषधांचा, निचऱ्याचा, फवारणीचा, दवाखान्यांचा वाटा मोठा. ज्या कामासाठी गॅम्ब्युसियाला बोलावलं ते काम संपलं. कामगार मात्र तिथेच राहिला, त्याचा वंश वाढला, आणि मूळचा घरमालक कोपऱ्यात ढकलला गेला. तातडीच्या वेळी उसनं घेतलेलं माफ असतं, पण वेळ टळल्यावर ते परत करायचं असतं, हे मावशीला मान्य झालं. खेड्यात कुणालाही होईल.

पण परत करायचं म्हणजे काय? इथे मी स्वतःच अडते.

गॅम्ब्युसिया हाही जीव आहे. त्याने स्वतःहून समुद्र ओलांडला नाही. त्याला वेदना होत असतील तर त्या स्थानिक माशाएवढ्याच खऱ्या असणार. आता केवळ जिवांची मोजणी करा. एका झऱ्यात पूर्वी समजा हजार पट्टेवाले मासे होते, आज तिथे दोन हजार गॅम्ब्युसिया आहेत. जीव वाढले की! ज्याला प्रत्येक जीव सारखा मोलाचा वाटतो, त्याने या बदलाबद्दल कुरकुर का करावी? उलट स्थानिक मासा वाचवायचा तर गॅम्ब्युसिया जाळ्याने काढून मारावे लागतील. भूतदया शिकलेल्या आपल्यासारख्यांना हे गिळायला जड आहे. मुंगीलाही साखर घालणाऱ्या घरात मी वाढले आहे, आणि त्या घराच्या नीतीत या माशाला वाचवण्याचं कारण मला सापडत नाही. तिथे जीव आहे, पण प्रजाती नाही.

तरीही काहीतरी वेगळं घडतंय हे जाणवतं, आणि ते शब्दांत पकडायचा प्रयत्न करते. मासा मरतो तेव्हा एक आयुष्य संपतं. तसं रोजच संपतं. बगळा खातो, थंडी खाते. पण शेवटची मादी मेली की जे थांबतं ते मरण नसतं, जन्म थांबतो. यापुढे कधीच, कुठल्याही झऱ्यात, तसं पिल्लू होणार नाही. हजारो मरणांची बेरीज केली तरी ही गोष्ट तयार होत नाही. आणि ती उलटवता येत नाही. गॅम्ब्युसियाच्या बाबतीत असं काहीच पणाला लागलेलं नाही. आजिगोलचे सगळे गॅम्ब्युसिया काढले तरी तो जगभर आहे, गडचिरोलीच्या हौदात आहे. एका बाजूला काही आयुष्यं आहेत, दुसऱ्या बाजूला आयुष्यांचा एक संपूर्ण प्रकार. म्हणून, मन खात असलं तरी, मी जाळं टाकणाऱ्याच्या बाजूने उभी राहीन. हे मारणं पुण्याचं आहे असं मात्र म्हणणार नाही.

हा 'प्रकार' म्हणजे हवेतली कल्पना नाही, हे कळायला माशाचं नाव उपयोगी पडतं. ट्रान्सग्रेडिएन्स म्हणजे लॅटिनमध्ये पलीकडे पाऊल टाकणारा. १९४६ मध्ये एर्मिन या संशोधकाने त्याचं वर्णन केलं. त्या काळी इस्तंबूल विद्यापीठात कुर्ट कॉस्विग नावाचा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ होता. नाझी राजवटीपासून निसटून तो १९३७ मध्ये तुर्कस्तानात आला आणि १९५५ पर्यंत राहिला. अनातोलियातली खारी तळी आणि त्यांतले हे मासे याचं त्याला वेड लागलं. प्रत्येक तळं म्हणजे एक बेट. गोड्या पाण्यातल्या नातेवाइकांच्या अंगावर व्यवस्थित खवले, आणि खाऱ्या तळ्यांकडच्यांचे खवले विरळ, अपुरे होत गेलेले. कॉस्विग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या तळ्यांतल्या माशांचा संकर घडवून पाहिला, खवल्यांचा वारसा कसा उतरतो ते तपासलं. आजिगोलचा मासा त्यांना वाटेवरचा वाटला. एका अवस्थेतून निघालेला, दुसरीत अजून न पोचलेला.

मला हे वाचून थांबावंसं वाटलं. आपण 'प्रजाती' म्हणतो तेव्हा संग्रहालयातली काचेची बरणी डोळ्यांसमोर येते, झालेली, संपलेली वस्तू. हा मासा मात्र अजून घडतो आहे. समुद्र मागे हटले, तळी वेगळी झाली, झऱ्यांत अडकलेल्यांनी मिठाशी पिढ्यानपिढ्या वाटाघाटी केल्या, आणि ती बोलणी अजून चालू आहेत. त्यांचा निकाल काय लागला असता ते कुणालाच माहीत नाही. ती मध्येच बंद पाडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, असं मला विचारावंसं वाटतं. सुंदर आहे म्हणून किंवा उपयोगी आहे म्हणून नाही. ते काम आपलं नव्हतंच, म्हणून.

एडविन पिस्टर नावाचा एक सरकारी मत्स्यतज्ज्ञ कॅलिफोर्नियात होता. ओवेन्स पपफिश या माशाची उरलेली सगळी प्रजा एका आटत चाललेल्या डबक्यात होती. १८ ऑगस्ट १९६९ रोजी सुमारे ८०० मासे दोन बादल्यांत घेऊन तो दलदलीतून चालत गेला आणि शेजारच्या पाण्यात सोडले. हातात आख्खी प्रजाती आहे, आपला पाय घसरला तर ती संपली, हे त्याला चालताना कळत होतं. पुढे लोक त्याला विचारत, या माशाचा उपयोग काय? यावर तो उलट विचारायचा, तुमचा काय? हे उत्तर टाळ्या घेतं, पण मला त्याच्या बादल्या जास्त पटतात. त्याने आधी प्रश्नाचा निकाल लावला नाही. उपयोग सिद्ध होईपर्यंत डबकं थांबलं नसतं.

मावशीला बादल्यांचं ऐकून हसू आलं. तिच्या नोकरीची अर्धी वर्षं बादलीत मासे घेऊन चालण्यात गेली होती. "पाणी हिंदकळलं की पोरं मरतात गं," ती म्हणाली, "वर कडुलिंबाचा डहाळा टाकायचा, म्हणजे पाणी उसळत नाही." मग जरा वेळाने विचारलं, "आपल्याकडे नाल्यात कुठले मासे होते गं आधी? मी सोडायच्या आधी?"

तिच्या गावच्या नाल्याला नाव आहे. तिथे दंडवण, मुरी, शिंगटी असायची असं तिला आठवतं. त्याहून बारीक, बिननावाचे काही होते का, ते तिने कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात मी तिकडे जाणार आहे. तिने सांगितलंय, येताना जुनी मच्छरदाणी आण, जाळं म्हणून चालते.